तीन नंबरच्या टेबलाची रिक्वेस्ट

घरी बसून काम करणारी बाई म्हणजे रिकामी बाई, असं मंगरूळपीरच्या आमच्या गल्लीचं ठाम मत आहे. मी पुण्याच्या एका कंपनीचे प्रॉक्सी सर्व्हर सांभाळते. हे एकदा शेजारच्या काकूंना नीट समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं हाय माय. मंग दुपारी गिरणीतून माह्या दयनाचा डबा घेऊन येशीन?" तेव्हापासून मी कुणाला काही सांगायच्या भानगडीत पडत नाही.

त्यामुळे एक निवृत्त हेडमास्तर दारात आले आणि "तुम्ही घरीच असता म्हणून आलो" अशी सुरुवात त्यांनी केली, तेव्हा माझं डोकं सणकलंच. पण पुढचं ऐकून मी चहा टाकला. पोहरादेवीच्या यात्रेत त्यांचं स्वयंसेवकांचं एक मंडळ काम करत होतं. यात्रेत हरवलेल्या माणसांची यादी सगळ्यांना एकाच वेळी मोबाईलवर दिसावी, असं काहीतरी त्यांना हवं होतं. जिल्ह्यातलं कुणीतरी पहिल्यांदाच माझ्याकडे माझंच काम मागत होतं.

यात्रेत माणसं हरवतात ती मुख्यतः दोन प्रकारची. लहान मुलं आणि म्हातारी माणसं. आतापर्यंत सगळी भिस्त भोंग्यावर होती. मुलांचं त्यावर भागतं, कारण मूल रडतं, रडणाऱ्या मुलाला कुणीतरी उचलतं आणि भोंग्याखाली आणून उभं करतं. म्हातारी माणसं रडत नाहीत. ती एखाद्या सावलीला बसून घेतात, आणि बसलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे कुणी हरवलेलं म्हणून पाहत नाही.

आम्ही केलेली व्यवस्था सोपी होती. मैदानाच्या कोपऱ्याकोपऱ्यावर टेबलं मांडली, प्रत्येक टेबलावर एक फोन. नातेवाईक येऊन सांगणार, टेबलावरचा माणूस नाव, वय, खाणाखुणा भरणार आणि लाल बटण दाबणार. लाल म्हणजे 'हरवले'. ती लाल यादी मैदानात फिरणाऱ्या कॉलेजच्या मुलींच्या फोनवर जाणार आणि त्या शोधत सुटणार. माणूस मिळाला की जवळच्या टेबलावर आणून बसवायचा, टेबलाचा नंबर टाकायचा आणि हिरवं बटण दाबायचं. हिरवं म्हणजे 'सापडले'. शाळेच्या व्हरांड्यात एक टीव्ही लावला होता, त्यावर लाल आणि हिरवी दोन्ही नावं सरकत राहायची.

मी बसले होते त्याच शाळेच्या एका खोलीत, माझ्या प्रॉक्सीजवळ. इंटरनेटची लाइन एकच आणि फोन ढीगभर, म्हणून मधे हे मशीन ठेवावं लागलं. पंगतीत वाढपी असतो तसं त्याचं काम. प्रत्येक पाहुण्याने भटारखान्यात धावायचं नाही, वाढप्याला सांगायचं. तो आत जाऊन आणतो, आणि बादली हातातच असेल तर आत न जाता त्यातूनच वाढतो. काम झटपट होतं. फक्त कधीकधी बादलीतली भाजी निवलेली असते.

हे निवलेल्या भाजीचं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणूनच त्या दिवशी माझा बराच वेळ वाया गेला.

ऊन डोक्यावर आलं होतं. किनवटकडचा एक माणूस खोलीत शिरला. चाळिशीचा असेल, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, टोपी हातात चुरगाळलेली.

"ताई, तुमचा टीव्ही म्हनते माय सापडली," तो म्हणाला. "मंग द्या ना. कुठी हाय ती?"

मी बाहेर जाऊन टीव्ही पाहिला. त्याच्या आईचं नाव खरंच हिरव्या अक्षरांत होतं. वय, हिरवं लुगडं, डाव्या पायाने लंगडते, कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, हातात लापशीचा डबा. पुढे टेबलाचा नंबर असायला हवा होता, तिथे कोरी जागा. तो सकाळपासून एकेका टेबलावर जाऊन विचारून आला होता. काहींनी त्याला पाणी दिलं, काहींनी यादी दाखवली, सगळ्यांनी सांगितलं की सापडली आहे, पण आमच्याकडे नाही. मैदानाची ती फेरी त्याने दोनदा पुरी केली होती. त्याची आई सकाळी देवळातून बाहेर पडताना रेट्यात सुटली होती. भोंग्यावर नाव पुकारून उपयोग नव्हता. तिला बीपीची गोळी लागायची, आणि ती याच्या खिशात होती.

हेडमास्तर सर म्हणाले, "नेट स्लो असेल."

वीज गेली, मोटार जळली, सुनेने भांडण काढलं, काहीही झालं तरी आमच्याकडे हल्ली नेट स्लो असतं. मी त्यांना म्हटलं, "सर, नेट स्लो असतं तर नाव उशिरा आलं असतं, चुकीचं आलं नसतं." जरा चढ्या आवाजातच म्हटलं. तो माणूस दाराशी उभा होता.

माझा पहिला संशय अर्थातच वाढप्यावर. दुसऱ्या कुणाची तरी जुनी हिरवी यादी प्रॉक्सीने आपल्या साठ्यातून वाढली असणार. मी साठवणं बंद केलं, होतं ते सगळं पुसलं, यादी नव्याने मागवली. म्हातारी हिरवीच. मग वाटलं, टेबलाचा नंबर वाटेत गळाला, तसंच आणखी काही गळलं असेल. लॉग उघडला. लॉग म्हणजे प्रॉक्सीची रोजनिशी. कुठल्या फोनकडून काय आलं, पुढे गेलं का, उत्तर काय मिळालं, एका ओळीखाली एक ओळ. हजारो ओळी, आणि सगळ्या ठीकठाक. कुठे नकार नाही, कुठे तुटलेली वाट नाही. अशा ओळी वरवर पाहत बसणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. कळप चाललेला दिसतो, शेळी कुठली गेली ते दिसत नाही.

शेळ्यांवरून आठवलं. इंझोरीला, माझ्या माहेरी, एका शेजाऱ्याच्या कळपातली कुठली तरी शेळी चरून येताना कुणी दूध काढून घेतल्यासारखी रिकामी यायची. त्याने कळपामागे धावणं सोडून दिलं. एका शेळीच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढला आणि दिवसभर फक्त तिच्यावर नजर ठेवली. माझ्या धंद्यातही शेवटी तेच करावं लागतं. सगळ्यांकडे पाहणं सोडायचं आणि एकीच्या पाठीवर गेरू लावायचा.

नोंद तीन नंबरच्या टेबलावरून आली होती, एवढं लॉगमधून कळत होतं. ती आली आणि पुढे गेली, इतकंच प्रॉक्सीने लिहून ठेवलं होतं. तिच्या आत काय होतं ते तो एरवी लिहीत नाही. सर्व्हरवर, म्हणजे भटारखान्यात, ती हिरवी पोचली होती. निघताना कुठल्या रंगाची होती, हा खरा प्रश्न. म्हणून मी प्रॉक्सीला सांगितलं की आता तीन नंबरच्या फोनकडून जी रिक्वेस्ट, म्हणजे फोनने पाठवलेला निरोप, येईल तिला एक खुणेचा नंबर चिकटव, तो नंबर सर्व्हरपर्यंत जाऊ दे, उत्तरासोबत परत येऊ दे, आणि या एका फोनपुरता आतला मजकूरही लिहून ठेव. मग तीन नंबरला फोन लावला.

तीन नंबरवर मानोऱ्याकडच्या एक मावशी होत्या. सगळी उमर अंगणवाडीत गेलेली. कितीही रडणारं मूल त्यांच्या टेबलावर आलं की गप्प व्हायचं, म्हणून सरांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

"मावशी, एक नोंद करा. सकायी त्या भाऊच्या मायची केली तशीच. काहीच बदलू नका."

"कोनाची करू?"

"माही करा. मी हरवली असं समजा."

मग मावशी म्हणाल्या, "काहीबाही बोलतं माय तू," आणि त्यांनी फोन ठेवला.

पण नोंद केली. माझ्या स्क्रीनवर खूण लावलेली ती एकटी रिक्वेस्ट आली. माझं नाव, माझ्या खऱ्या वयात बरीच भर घालून लिहिलेलं वय, 'चष्मा, तोंड फटकळ' अशी खाणाखूण. टेबल नंबर कोरा. आणि स्थिती: सापडली. पुढची ओळ पाहिली. तोच नंबर, तोच मजकूर सर्व्हरकडे जसाच्या तसा गेला होता. उत्तर आलं तेही तसंच. वाटेत काहीही गळलं नव्हतं, कशावर काही चिकटलं नव्हतं. बिचाऱ्या वाढप्याने जे हातात दिलं तेच वाढलं होतं, आणि मी मात्र तासभर चोर सोडून संन्याशाला फाशी देत बसले होते.

मी चपला घातल्या आणि तीन नंबरकडे निघाले. तो माणूस माझ्या मागे आला. त्याला थांबवायचं मला सुचलं नाही.

"मावशी, तुमी हिरवं बटन काहून दाबलं?"

"मंग का लाल दाबू?" मावशींना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"माय हरवली हाय ना त्याची. हरवली तं हरवलेच दाबा लागते."

"अवं, लेकरू पुढं उभं हाय, डोये भरून आले त्याचे, अन् मी त्याच्या देखत त्याच्या मायले हरवली म्हनून लिहू? दिवा इझला म्हनतो का आपन? शांत झाला म्हनतो. बांगडी फुटली म्हनतो का? वाढवली म्हनतो. अन् जित्त्या मानसाले देवीच्या दारात हरवली म्हनू? माही जीभ नाही रेटत, अन् बोट बी नाही रेटत." मग मला समजावण्याच्या सुरात म्हणाल्या, "सकायपासून ज्याले ज्याले सापडलं म्हनलं, ते सारे सापडले. पाय तूच."

ते खरं होतं. ही म्हातारी सोडली तर सकाळपासून त्यांच्या टेबलावर मुलांच्याच तक्रारी आल्या होत्या, आणि भोंग्यावर पुकारताच सगळी मुलं मिळाली होती. मावशी प्रत्येक वेळी आधीच हिरवं दाबत होत्या आणि प्रत्येक वेळी त्यांचं बटण खरं ठरत होतं. मशीनवर इतका विश्वास तर माझाही नाही.

मी चिडले. चारचौघांत, आईच्या वयाच्या बाईवर आवाज चढवून बोलले. शुभ बोल नाऱ्या हे मांडवात ठीक आहे, इथे हिरवं दाबलं की पोरी शोधायला जातच नाहीत, सकाळपासून एक माणूसही त्या म्हातारीला शोधत नाहीये, असं सगळं बोलून घेतलं. पुढच्या यात्रेला मी लाल बटणावरचा 'हरवले' हा शब्द काढून 'शोध चालू' असं लिहिलं, आणि मावशींनी ते बटण अजिबात कुरकुर न करता दाबलं. पण ही अक्कल त्या दिवशी नव्हती. त्या दिवशी मी त्यांच्या हातातून फोन घेतला, म्हातारीचं नाव काढलं आणि लाल दाबलं.

मागे वळले तर तो माणूस उभा.

"म्हंजे सापडली नाही?" त्याने विचारलं.

"नाही भाऊ. सापडलीच नव्हती."

सकाळपासून त्याला निदान एवढं तरी वाटत होतं की ती कुठल्या तरी टेबलाशी सावलीत बसली आहे, कुणीतरी तिला पाणी पाजलं आहे. तेही मी काढून घेतलं.

तो मावशींकडे वळला. "मी निरा टेबलं फिरून राह्यलो ना माय. टेबलं! झाडाखाली पाह्यलं असतं मी. गाड्यांत पाह्यलं असतं. तुमी सापडली म्हनलं म्हनून मी पाह्यलंच नाही."

त्यांचा हात पदराकडे गेला. त्या काही बोलणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

त्याने फोनकडे पाहिलं आणि वाजू दिला. तो बंद झाला आणि पुन्हा वाजायला लागला. मग त्याने उचलला. आमच्या गावाला लागूनच तांडा आहे, शाळेतल्या निम्म्या मैत्रिणी तिथल्या, त्यामुळे गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, मला बोलता येत नाही पण कळते. पलीकडे त्याचा बाप होता. तो अंथरुणाला खिळलेला होता, म्हणून घरी राहिला होता. म्हातारा विचारत होता, सापडली का?

त्या माणसाने डोळे मिटून घेतले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "हो, सापडली. इथंच आहे. जेवतेय. घेऊन येतो."

मावशींनाही गोरमाटी कळत असावी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत 'बघ' असं काही नव्हतं. घाबरल्या होत्या त्या. आणि इतका वेळ खऱ्याखोट्यावर व्याख्यान झोडणारी मी, हातातल्या फोनवर म्हातारीचं नाव लालच आहे ना, ते पुन्हा पाहू लागले. त्या माणसाने फोन खिशात टाकला, तोंडावरून हात फिरवला आणि गर्दीकडे चालायला लागला, या वेळी झाडांकडे.

लाल यादी पोचल्यावर फिरणाऱ्या मुली जाग्या झाल्या. त्यांच्यातल्या एकीने खाणाखुणा वाचल्या आणि थेट मला फोन केला. हिरव्या लुगड्याची, लापशीचा डबा घेतलेली एक आजी तिने दुपारी ट्रॅक्टर लावतात तिथे पाहिली होती. पाणीही पाजलं होतं. पण आजी ट्रॉलीच्या सावलीत आरामात बसलेली, यादीत तिचं नाव लाल नाही, म्हणून ही पुढे निघून गेली. ती मुलगी फोनवरच रडायला लागली. मी तिला म्हटलं, "रडू नंतर, आधी तिथे पळ."

मी त्या माणसाला गाठलं आणि आम्ही पळालो. यात्रेतल्या ट्रॉल्या सगळ्या सारख्याच. तेच बाजूचे लाल फाळके, तीच वर बांधलेली ताडपत्री, तेच खाली वाळत घातलेले कपडे. नेमकी ट्रॉली सापडेपर्यंत ऊन कललं. म्हातारी रेट्यातून सुटली ती लंगडत ट्रॅक्टरांपर्यंत आली होती, आणि आपलीच ट्रॉली समजून भलत्याच लोकांच्या ट्रॉलीखाली बसली होती. आपली माणसं येतीलच म्हणून. आपण हरवलो आहोत याचा तिला पत्ताच नव्हता. ऊन सरकत गेलं तशी चाकाशी सरकत गेली होती. ओठ सुकलेले, चेहरा लालबुंद, डोकं चाकाला टेकलेलं. मला क्षणभर भलतीच शंका आली, आणि ती मी तोंडातून काढली नाही.

"याडी!" आपल्या बोलीत आईला हाक मारत तो ओरडला. तिला ऐकू आलं नाही. त्याने गुडघे टेकून तिचा हात धरला तेव्हा तिने डोळे उघडले.

तो रडला. चांगला हमसून रडला. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याची टोपी कुठे आहे म्हणून विचारलं. एवढ्यात मावशी धापा टाकत आल्या. टेबल सोडून आल्या होत्या, हातात लिंबूपाण्याचा ग्लास, त्यातलं अर्धं वाटेत सांडलेलं. त्यांनी कुणाशी न बोलता म्हातारीच्या ओठांना ग्लास लावला. लेकाने खिशातली गोळी दिली. फोन करणाऱ्या त्या मुलीने तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला. हळूहळू म्हातारीच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि इतकी माणसं आपल्याभोवती का जमली आहेत, असं ती एकेकाकडे पाहायला लागली. लेकाने तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून ओरडून सगळं सांगितलं. सकाळपासून शोधतोय. सगळीकडे फिरलो. बाबाला खोटं सांगितलं, सापडली, जेवतेय म्हणून.

सांगून संपतंय तोच फोन वाजला. पुन्हा बाप. त्याने स्पीकर लावला आणि फोन तिच्या कानाला चिकटवला. पलीकडून म्हातारा इतक्या जोरात ओरडत होता की आजूबाजूच्या ट्रॉल्यांतले लोकही वळून पाहू लागले. पोरगा दुपारीच म्हणाला सापडली म्हणून, मग तेव्हा फोनवर का आली नाहीस? खरं सांग, कुठे होतीस दिवसभर?

म्हातारीने लेकाकडे पाहिलं. त्याची धुळीने भरलेली पावलं, सुजलेले डोळे.

मग बहिऱ्या माणसांच्या मोठ्या आवाजात फोनमध्ये म्हणाली, "अहो, दुपारीच सापडले मी. जेवत होते, म्हणून नाही आले."